आरोहीच्या परीक्षेचा कौल

आमच्या गावच्या रवळनाथाला वर्षातून निदान एक महिना रजा मिळायला हवी, असं माझं फार दिवसांचं मत आहे. मी देव मानत नाही म्हणून हे म्हणत नाही. माझी सांजवात चुकत नाही, रविवारचा उपवास लग्नाआधीपासूनचा आहे. पण माझ्या धाकट्या भावानं, रवळूनं, देवाला जेवढं राबवून घेतलंय, तेवढं बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीनं रवळूलासुद्धा राबवलेलं नाही.

नंदगडच्या पलीकडं आमचं गाव. तिथं देवाला कौल लावायची पद्धत आहे. गुरव फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे टक लावून बघत बसतात. देवाच्या उजव्या खांद्यावरची आधी पडली तर हो, डाव्या खांद्यावरची पडली तर नको. उजवं-डावं देवाचं बरं का, आपलं नव्हे. आपण समोर उभे, म्हणून देवाची उजवी आपल्या डाव्या हाताला येते. गावातलं शेंबडं पोरसुद्धा यात चुकत नाही.

आमचे वडील कौल लावायचे ते घर बांधताना नाहीतर लग्न ठरवताना. रवळू बोअर मारताना लावतो, म्हैस घेताना लावतो, सोप्याच्या भिंतीला पिवळा रंग द्यायचा की निळा, यालाही लावतो. मी एकदा वैतागून म्हटलं, "अरं, आज भाजी कसली करायची ते पण विचारून ये की."

"चेष्टा करू नगंस आक्का," तो म्हणाला. "विचारलं तर काय बिघडतंय?"

काय बिघडतं ते त्याच्या लेकीकडं बघून कळायचं.

आरोही त्याची एकुलती एक. इंजिनिअरिंगची सगळी वर्षं ती बेळगावात, वडगावला माझ्याकडं राहिली, म्हणून तिच्या सगळ्या खोडी मला तोंडपाठ. पोरगी हुशार. कामाला वाघ. सकाळी माझ्याआधी उठून पाणी भरून ठेवायची. पण एक गोष्ट स्वतः ठरवेल तर शपथ. खडेबाजारात ड्रेस घ्यायला गेलो की दोन हातांत दोन ड्रेस धरून पुतळ्यासारखी उभी.

"आत्या, कुठला घेऊ?"

"घालणार कोण? तू का मी?"

मग ती आप्पाला, म्हणजे रवळूला, फोन लावायची. आप्पा फाउंड्रीत, भट्टीपुढं, त्याला ऐकू यायचं नाही. दुकानदार शेवटी दोन्ही ड्रेस घडी घालून परत ठेवायचा आणि माझ्याकडं असा बघायचा, जसं काही मीच तिला तसं घडवलंय.

मेकॅनिकल ही शाखा तिला कौलानंच मिळालेली. आणि वर्गात एखादी गोष्ट समजली नाही तर सरांना विचारायचं नाही, हे तर आमच्याकडच्या शाळांनीच शिकवलेलं. "सर, समजलं न्हाय" म्हणणारा पोरगा आमच्या वेळी बाकावर उभा राहायचा. आरोहीच्या वेळी बाकावर उभं करत नसतील, पण ती भीती कुठं गेली नव्हती. न समजलेलं ती पाठ करायची, आणि पाठ करून पहिली यायची. तेव्हा कुणाला काय बोलणार?

तर अशी ही मुलगी पुढच्या शिक्षणाला जर्मनीला निघाली. तिथल्या चार विद्यापीठांनी तिला बोलावलं होतं. कुठं जायचं? कौल. मी म्हटलं, "रवळू, देव कधी खानापूर स्टेशनच्या पुढं गेला न्हाय, त्याला जर्मनीतली कॉलेजं कशी ठावी असतील?" म्हटलं आणि लगेच दोन्ही गालांवर मारून घेतलं. देवाला बोलायचं नव्हतं मला. पण या माणसापायी तोंडातून काहीबाही निघून जातं.

जर्मनीत गेल्यावर राहायला दोन जागा सापडल्या. एक विद्यापीठाजवळ, चार मुलींनी मिळून घेतलेलं घर. दुसरी गावाच्या टोकाला, एका म्हाताऱ्या बाईच्या घरातली वरची खोली. पाकळी म्हातारीच्या बाजूनं पडली. झालं. आरोही तिथं राहायला गेली आणि पहिल्या आठवड्यातच फोनवर कुजबुजत बोलायला लागली.

"मोठ्यानं बोल की गं, काय ऐकू येईना."

"आत्या, खाली आवाज जातोय. बाई झोपल्यात."

त्या बाईंना फोडणीचा वास चालायचा नाही. रविवारी मिक्सर लावायचा नाही. रविवारी काचेच्या बाटल्यासुद्धा कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत, खळ्ळकन आवाज होतो म्हणून. घर तापवायचं यंत्र बाई त्यांच्या मर्जीनं चालवायच्या, आणि त्यांची मर्जी फार थंड होती. आरोही उकडलेले बटाटे खायची, दोन स्वेटर घालून झोपायची, आणि विद्यापीठात पोचायला ट्रामनं तास घालवायची.

"अगं, मग सोड की ती खोली."

"कशी सोडू आत्या? देवानं दिलीया."

"देवानं काय कुडकुडायला दिलीया व्हय?"

मी फोन ठेवून देवघरातल्या टाकाकडं बघितलं. बिचारा देव. न केलेल्या गोष्टी पण त्याच्याच अंगावर.

एक बरं झालं. एकदा ट्राममध्ये ती माझ्याशी बोलत होती, "आत्या, लई थंडी हाय गं, बोटं चालंनात," आणि मला फोनमधूनच मागचा आवाज ऐकू आला, "बेळगाव का निपाणी?"

ती उपासना. निपाणीची. तिची आज्जी विड्या वळायची, आई सरकारी दवाखान्यात नर्स. उपासना त्याच विद्यापीठात शिकत होती आणि ज्या चार मुलींच्या घराला आमच्या पाकळीनं नको म्हटलं, त्याच घरात राहत होती! त्या मुली आठवड्याला पिठलं करत होत्या. पुढं कधीतरी उपासना माझ्याशीही बोलली. "काकू, हिला सांगा की आमच्याकडं यायला. मी सांगून दमले. हिला दूध घ्यायचं तर आधी बेळगावला फोन." मी म्हटलं, "बाई, तू आत्ता दमलीस, मी केव्हाच दमलेय."

आता रवळूच्या फोनची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावर आहे. रवळूला व्हिडिओवर बोलता येतं, पण कॅमेरा फिरवायचं बटन त्याला कधी सापडलेलं नाही. समोरचं दाखवायचं असलं की तो त्याच्याकडं पाठ करतो आणि खांद्यावरून दाखवतो. म्हैस व्याली तेव्हा आरोहीला आधी आप्पाचं कपाळ दिसलं, मग कान, मग कानाच्या मागं रेडकू. शेतातला मका असाच दाखवला. आम्हाला त्याची सवय झाली होती.

आणि मग ती परीक्षा.

एक विषय होता, यंत्रं आपली आपण कशी ताब्यात राहतात त्याचा. सगळा गणिताचा. तिच्या अभ्यासक्रमाचा नियम ऐकून मला घाम फुटला. एका विषयात तीनदा नापास झालं की शिक्षण संपलं, सामान बांधायचं आणि घरी यायचं. तयारी नसेल तर परीक्षेच्या काही दिवस आधीपर्यंत नाव मागं घेता येतं, मग पुढच्या सत्रात बसायचं. नाव मागं घेतलं तर तो प्रयत्न धरत नाहीत. नियम साधा आहे. तयारी आहे का नाही, ते ज्याचं त्यानं बघायचं. पण आमच्याकडं ते कोण बघणार? पहिल्यांदा तिची तयारी नव्हती, कौल म्हणाला बस, बसली, नापास. दुसऱ्यांदा ऐन वेळी तापानं फणफणली, पण कौल आधीच उजवा मिळालेला, म्हणून तशीच गेली आणि पुन्हा नापास.

राहिला एक. शेवटचा.

तेव्हा मात्र मी स्वतः गावाला गेले. नाव मागं घ्यायचा शेवटचा दिवस होता. रवळूनं देवाचा वार म्हणून रविवारपर्यंत थांबवून ठेवलेलं. मी सकाळी त्याला म्हटलं, "तिलाच विचार ना, तुझा अभ्यास झालाय का म्हणून."

"तिला काय कळतंय? ल्हान हाय अजून."

"ल्हान? तिच्या वयात तुला पोरगी झालती!"

"आक्का, तू फक्त हात जोड. बाकीचं आमी बघतो."

देवळात परशराम गुरव होता. रवळूनं आरोहीला फोन लावला. तिला यावेळी कौल स्वतः बघायचा होता. ती त्या थंड खोलीत, डोक्यावरून शाल घेऊन बसलेली. चेहरा एवढासा. रवळूनं नेहमीसारखी देवाकडं पाठ केली आणि फोन समोर धरला.

परशरामानं पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा रवळनाथा, तुझं लेकरू परमुलखात हाय, म्हाराजा..." आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं. फोनमधून आरोहीनंही म्हटलं, कुजबुजत. "लेकरानं परीक्षेला बसावं असं तुझ्या मनात असंल तर उजवी दे, बसू नये असंल तर डावी दे, म्हाराजा." गाऱ्हाणं चालू असताना मी डोळे मिटते, ही माझी लहानपणापासूनची सवय. डोळे मिटून मी एवढंच म्हणत होते, देवा, या पोरीला घरी पाठवू नकोस, निदान अशी हरवून पाठवू नकोस.

तेवढ्यात रवळूचा आवाज. "परशराम, हिकडं बघ की जरा, आरू दिसतीया बघ."

आणि लगेच, "पडली, पडली! डावी!"

"उजवी," फोनमधून आरोही म्हणाली.

मी डोळे उघडले. दोन्ही पाकळ्या देवाच्या पायाशी पडलेल्या.

"डावी पडली पोरी. माझ्या डोळ्यांनी बघितली."

"कुठं बघितलीसा आप्पा?"

"हितं, फोनात."

"आप्पा, तुम्ही देवाच्या पुढ्यात उभं हाय आणि देव फोनात बघितलासा?"

तेव्हा आमच्या लक्षात आलं. रवळूची देवाकडं पाठ. त्यानं कौल बघितला तो फोनच्या कोपऱ्यातल्या तिकिटाएवढ्या चौकोनात. मी परशरामाकडं बघितलं.

"तुम्ही तरी बघितलंसा न्हवं?"

परशराम कान खाजवायला लागला. "आता ह्येंनीच म्हटलं हिकडं बघ म्हणून. म्हटलं पोरगी कशी दिसती बघावं. वळेपर्यंत दोन्ही खाली."

म्हणजे देवाच्या दारात तीन माणसं, दोघांची देवाकडं पाठ आणि तिसरीचे डोळे मिटलेले. त्या क्षणी मला देवाची इतकी दया आली की काय सांगू.

आरोही फोनमधून समजावत होती. इंजिनिअर ना ती. "आप्पा, आपला आपल्याला फोटो त्या चौकोनात आरशासारखा उलटा दिसतोय. तुमाला जी डावी वाटली ती देवाची उजवी. मला हितं सरळ दिसतंय."

"देव कवा उलटा दिसतोय व्हय?" रवळू तापला. "जर्मनीत जाऊन मला शिकवतीस? परशराम, परत लाव."

परशरामानं कानाला हात लावला. "एकाच गोष्टीचा कौल लगोलग दुसऱ्यांदा? मी न्हाय बाबा. पुनवंला या."

पुनव लांब होती. मुदत त्या दिवशी संपत होती. बाप म्हणतो देवानं नको सांगितलं, लेक म्हणते देवानं बस सांगितलं. आणि चुकलं तर पोरगी दोन वर्षं पाण्यात घालून घरी. मला रवळूच्या हातातला फोन घेऊन विहिरीत टाकावासा वाटला. पण त्यात आरोही होती, म्हणून मी तो फक्त हिसकावून घेतला.

"आरू," मी म्हटलं, "पाकळी राहू दे. तुला येतंय का?"

"तूच सांग की आत्या."

"अगं, ड्रेस न्हवं हा. मी सांगणार न्हाय."

तिनं डोक्यावरची शाल मागं सारली. मग पहिल्यांदा, कुजबुजत नव्हे, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "न्हाय येत आत्या. शेवटचे दोन धडे मला कळलेच न्हाईत. दोन्ही वेळा नुसते पाठ करून गेलते. मी नाव मागं घेते." खालून म्हातारीनं छताला काठी ठोकल्याचा आवाज आला. आरोहीनं फोन ठेवला.

आणि रवळू? रवळू हात जोडून म्हणाला, "बघितलंस आक्का? देवानं डावी दिली, आणि लेकीनं ऐकलं."

मी नुसते हात जोडले. देवळात होते म्हणून.

दुसऱ्या दिवशी आरोहीचा मला एकटीला फोन आला. "आत्या, खरं सांगू? उजवीच पडलेली. मी नीट बघितली. देवानं बस म्हटलेलं आणि मी बसले न्हाय. देव रागावंल?"

मी काय सांगणार? मला शास्त्र कळत नाही. मी म्हटलं, "बाई, हात त्यानंच दिलेत आणि डोकं पण त्यानंच दिलंय. तू डोकं वापरलंस म्हणून रागावायला तो काय तुझा आप्पा हाय? दिवा लाव आणि अभ्यासाला बस."

"आप्पाला सांगणार न्हाईस ना?"

"न्हाय सांगणार." आणि तेव्हापासून माझी जीभ मी चावतेय.

त्यानंतर महिन्याभरात तिनं खोली सोडली. आधी विचारलं नाही, उपासनाकडं राहायला गेल्यावर सांगितलं, मागं फोडणीचा चर्रकन आवाज येत असताना. रवळू दोन दिवस जेवला नाही नीट. तिनं आणखी एक केलं, ते मला खोली सोडण्याहून मोठं वाटतं. त्या विषयाच्या प्रोफेसरांकडं गेली. तिथं प्रोफेसरांची विद्यार्थ्यांना भेटायची ठरलेली वेळ असते म्हणे, दाराबाहेर लिहिलेली. ती रोज त्या दारावरून जायची, कधी आत गेली नव्हती. उपासनानं तिला दारापर्यंत नेलं आणि म्हणाली, "आता जा. मी न्हाय येणार आत." आरोहीनं आत जाऊन सांगितलं, सर, मला समजलं नाही. तिला वाटलं आता काय होतं आणि काय नाही. सरांनी खुर्ची पुढं सरकवली आणि विचारलं, कुठून समजलं नाही?

"आत्या, मी म्हटलं पहिल्यापासनं. मग ते हसले आणि पहिल्यापासनं सुरू केलं."

हे सांगताना ती रडत होती. एवढी हुशार पोरगी, आणि एवढंसं वाक्य बोलायला तिला सात समुद्र ओलांडावे लागले. माझा राग कुणावर काढू तेच कळेना.

पुढच्या सत्रात ती परीक्षेला बसली. कधी बसली तेही आम्हाला परीक्षा झाल्यावर कळलं. पास झाली. फार वरचे गुण नाहीत, पण पास. रवळूनं गावभर पेढे वाटले आणि प्रत्येक पेढ्याबरोबर एकच गोष्ट: "देवानं डावी दिलती. त्या वेळी बसली असती तर गेली असती बघा." मी पेढा तोंडात धरून उभी. किती वेळा ऐकायचं माणसानं?

या उन्हाळ्यात ती घरी आली. आम्ही देवाला गेलो. परशरामानं सवयीनं पाकळ्या ओल्या केल्या. रवळू म्हणाला, "नोकरी तिकडं करायची का हिकडं, तेवढं इचारून घेऊ."

"आप्पा, तिकडंच दोन वर्षं करणार हाय. सही केलीया मी."

"सही केलीस? न विचारता?"

"काका," ती परशरामाला म्हणाली, "पाकळ्या नुसत्या वाहा देवाला."

परशराम पेचात. "मग गाऱ्हाणं काय घालू?"

"सगळ्यांस्नी बरं ठेव म्हणा."

त्यानं तसं घातलं. मी डोळे मिटले, "व्हय म्हाराजा" म्हटलं. डोळे उघडले तर आरोही अजून हात जोडून उभी होती, काही न मागता, देवाकडं तोंड करून. मला बरं वाटलं. म्हणजे रागही होताच, कारण हल्ली फोन करते ती महिन्यातून कधीतरी. पूर्वी कुकर घेऊ का म्हणून विचारायची, आता मला विचारावं लागतं, जेवलीस का गं?

मला नंदगडहून बेळगावची गाडी धरायची होती, म्हणून दोघं पोचवायला निघाले. बसमध्ये रवळू तोंड फिरवून बसलेला. थोड्या वेळानं त्याला राहवेना. आता त्याच्याही ओळखीच्या झालेल्या उपासनाला व्हिडिओ फोन लावला, आमच्या रानातला आंबा दाखवायला, आणि नेहमीसारखी खिडकीकडं पाठ केली. बस वळणावर झुकली आणि तो पलीकडच्या बाईच्या टोपलीवर पडता पडता राहिला.

"आप्पा, द्या हिकडं." आरोहीनं फोन घेतला, एका ठिकाणी बोट लावलं आणि त्याच्या हातात परत दिला. फोनमध्ये खिडकीबाहेरचं रान सरळ दिसायला लागलं.

रवळू बघतच राहिला. बोट लावलं, स्वतःचं तोंड आणि मागं बसमधल्या पाटीची उलटी अक्षरं. पुन्हा लावलं, आंब्याचं झाड. दोन-तीनदा केलं.

"हे बटन आधी दाखवायचं न्हाय व्हय?"

मग त्याचं बोट थांबलं. त्यानं फोनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग लेकीकडं. "आरू... मग त्या दिवशी कुठली पडलेली?"

मी पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर बघायला लागले.

"आप्पा," आरोही पिशव्या उचलत म्हणाली, "नंदगड आलं. उतरायचं न्हाय व्हय?"